शोभेसाठी घातलेल्या बांगड्या

हॉस्टेलच्या खोलीच्या दारामागे नियमांचा कागद डकवलेला होता. इंग्रजीत टाइप केलेला, खाली गोऱ्या मेट्रनची सही. बांगड्या नकोत, कानांत काही नको, नाकात चमकी नको, गळ्यात साखळी नको, पायांत जोडवी नकोत. कपाळाला कुंकू नको, डोळ्यांत काजळ नको, केसांत फूल नको. अंबाडा टोपीखाली असा बसला पाहिजे की मानेवर एक बट दिसता कामा नये. घड्याळ तेवढं चालायचं, पण तेही मनगटावर नाही. छातीवर पिनेनं उलटं अडकवलेलं, नाडी मोजण्यापुरतं. सकाळी पावणेसातला आम्ही सगळ्याजणी व्हरांड्यात हात पुढे करून रांगेत उभ्या राहायचो. मेट्रन आधी तळवे बघायची, मग हात उलटे करायला लावायची, मग कान, मग मान. बाजारात म्हैस बघून घेतात तसं. तिचं कोणावर प्रेम नव्हतं आणि कोणाशी वैरही नव्हतं, हे मात्र कबूल करायला हवं.

आता नात्यातल्या पोरीसुना मला विचारतात, त्या वयात नटावंसं वाटायचं नाही का हो तुम्हाला? वाटायचं की. न वाटायला काय झालं होतं? पण माझं दुखणं ते नव्हतं. मला एकाच वेळी दोन ठिकाणचे नियम पाळायचे होते, आणि एकीकडचा नियम पाळला की दुसरीकडचा मोडत होता.

आमचं घर चिकपेटच्या मागच्या गल्लीत. आमचे लोक कधीकाळी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलायचं, पण निम्मे शब्द कानडी. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते सरकारी कचेरीत कारकून होते. सोळाव्या वर्षी त्यांनी माझं लग्न लावून दिलं, तेही आमच्याच लोकांत, चार गल्ल्या सोडून. दीड वर्षात नवरा म्हैसूरला नोकरीसाठी म्हणून गेला आणि तिथं दुसरीबरोबर राहिला. सासूनं मला माहेरी आणून सोडलं आणि म्हणाली, तो बोलावील तेव्हा पाठवा. त्यानं कधी बोलावलं नाही. पत्र नाही, निरोप नाही, काही नाही. मी मेले की जगले, याची त्या माणसानं चौकशी केली नाही.

मग मी पुन्हा शाळेत गेले आणि परीक्षा पास झाले. सर्टिफिकिटावर नाव सासरचं, पुढे श्रीमती. दंडू भागातल्या, म्हणजे गोऱ्यांच्या छावणीतल्या, एका हॉस्पिटलात नर्सिंगचं शिक्षण मिळतं, राहायला जागा मिळते आणि शिकून झाल्यावर नोकरी नक्की, असं कळल्यावर मी अर्ज आणला. त्यात एक रकाना होता. अविवाहित की विधवा? तिसरं काही विचारलेलंच नव्हतं, कारण नवरा असलेल्या बाईला ते घेतच नसत. अविवाहित लिहावं तर सर्टिफिकीट खोटं ठरवणार. अण्णा टाक हातात धरून बराच वेळ बसले. कचेरीत आयुष्यभर कागद भरले त्या माणसानं, पण हा रकाना त्यांच्यानं भरवेना. शेवटी मी टाक घेतला आणि लिहिलं, विधवा.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "जिवंत माणसाला मारलंस." मी म्हणाले, "त्यानं मला कधीच मारलंय." अण्णा म्हणाले, "स्वल्प हळू बोला, शेजारी ऐकतील." आमच्या घरात कुठल्याही गोष्टीचा शेवट शेजाऱ्यांवरच व्हायचा.

आईनं अट घातली. तिकडे काय करायचं ते कर, पण या उंबऱ्याच्या आत मोकळ्या कपाळानं पाऊल टाकायचं नाही. मग तीन वर्षं मी तेच करत राहिले. आठवड्याच्या सुट्टीला बस धरून घरी जायचं, मागच्या दारानं न्हाणीघरात शिरायचं. तिथं कोनाड्यात पत्र्याचा डबा. डब्यात मंगळसूत्र, कुंकू आणि एक डझन हिरव्या बांगड्या, मुद्दाम एक माप मोठ्या घेतलेल्या, म्हणजे चढवायला आणि उतरवायला सोप्या. ते सगळं चढवून मी घरात यायची, जेवायची, आईला कपडे धुऊ लागायची, आणि संध्याकाळी पुन्हा न्हाणीघरात जाऊन सगळं उतरवून डब्यात ठेवायची. कुंकवाचा डाग राहू नये म्हणून आधी खोबरेल तेल, मग साबण. एक केस लाल राहिला तरी सकाळी रांगेत माझी खैर नव्हती. बाहेर काढलं असतं तर नुसती जागा गेली नसती. खोटं लिहिलं म्हणून दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलानंही दारात उभं केलं नसतं. मग मी कुठं जाणार होते? आईच्या चुलीपुढे बसून जन्मभर म्हैसूरच्या निरोपाची वाट बघणार होते?

हॉस्पिटलात माझ्या खोलीत बेळगावकडची एक मुलगी होती. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, आवाजानं खणखणीत, कामाला वाघीण. ती खरीच विधवा होती. नवरा विषमज्वरानं गेला, तेव्हा तिला एकोणिसावं लागलं होतं. पहिल्याच आठवड्यात तिनं मला सांगितलं, "गावाकडं मी रस्त्यानं निघाले की बायका दारं लावायच्या गं. इथं बघ, सगळ्याच माझ्यासारख्या दिसतात. विधवा असो, बिनलग्नाची असो, कुणाच्या हातात काय नाही. मला तर हा कागद देवासारखा वाटतो." आणि दारामागच्या त्या नियमांच्या कागदाकडे बघून ती हसली. इतर मुली कागदाला शिव्या द्यायच्या. तिच्यासारखी त्याच्यावर खूश झालेली मुलगी मी दुसरी पाहिली नाही.

ती मला आपल्यातली समजायची. तिच्या नवऱ्याच्या आठवणी सांगायची, आणि मी कधी काही सांगत नाही म्हणजे माझं दुःख तिच्याहून मोठं असणार असं धरून चालायची. माझ्या वाटचं काम करायची. सणाच्या दिवशी इतर मुलींना घरून फराळाचे डबे यायचे तेव्हा मला मुद्दाम बाहेर फिरायला न्यायची, मला वाईट वाटू नये म्हणून. मी लाजेनं अर्धी व्हायची. पण सांगायची हिंमत झाली नाही, हे खरं. दर आठवड्याला मी हातभर बांगड्या घालून जेवून येत होते, हे तिला कोणत्या तोंडानं सांगणार?

वॉर्डात आमचं एक काम दागिन्यांचंच होतं. ऑपरेशनच्या आधी बायकांच्या अंगावरचं सगळं काढायचं. मंगळसूत्र काढायला बायका तयार होत नसत. रडायच्या, शिव्या द्यायच्या, नवऱ्याला हाका मारायच्या. मग आम्ही हळदीत भिजवलेला दोरा गळ्यात बांधायचो तेव्हा कुठे त्या मंगळसूत्राला हात लावू द्यायच्या. काचेच्या बांगड्या फुटलेल्या चालायच्या नाहीत. हात गरम पाण्यात धरायचा, साबण लावायचा, अंगठा तळव्यात दुमडायचा आणि एकेक बांगडी फिरवत फिरवत बाहेर घ्यायची. या कामात माझा हात धरणारी कोणी नव्हती. सिस्टर दुसऱ्या वॉर्डातून मला बोलावून न्यायची. तीन वर्षांत माझ्या हातून एक बांगडी फुटली नाही. त्याचा सराव मला कुठून होता, ते तिला कुठं माहीत होतं!

शेवटच्या परीक्षेला चार महिने राहिले असताना अण्णा फाटकाशी आले. भेटीची वेळ नव्हती, म्हणून मला वाटलं आईला काही झालं. अण्णांनी टोपी काढून हातात धरली होती. म्हणाले, "म्हैसूरचा गेला. परवा. दुखणं वाढलं म्हणून इकडे आणलं होतं."

मला काय वाटलं ते लिहायला मला आता कोणाची भीती नाही. मला काहीही वाटलं नाही. मग राग आला, की हा माणूस मरायलासुद्धा माझ्या परीक्षेच्या तोंडावर आला. त्यानंतर भीती वाटायला लागली. अण्णा सांगत होते, सासूनं निरोप धाडला आहे. दहाव्या दिवशी सुनेनं यायला पाहिजे. तिचं कुंकू पुसल्याशिवाय माझ्या लेकाला गती नाही. ती आली नाही तर आम्ही चारजणी हॉस्पिटलात जाऊन तिला घेऊन येऊ.

"म्हणजे त्यांना माहीत आहे मी इथं आहे?"

"अख्ख्या पेठेला माहीत आहे," अण्णा म्हणाले.

त्या चारजणी हॉस्पिटलाच्या फाटकात उभ्या राहून, हिचा नवरा आत्ता गेला, असं सांगणार, आणि मेट्रन कपाटातून माझा अर्ज काढणार. दुसऱ्या कुठल्याही मुलीचा बाप, भाऊ वारला असता तर तिला दहा दिवसांची रजा मिळाली असती आणि मेट्रननं स्वतः चहा पाजला असता. मला रजा मागायची सोय नव्हती. माझा नवरा त्यांच्या कागदावर तीन वर्षांपूर्वीच वारला होता, आणि त्याला मारणारी मीच. मी अण्णांना म्हणाले, "येते म्हणून सांगा." ते कानडीत "सरी", बरं, एवढंच म्हणाले आणि टोपी घालून निघाले.

दहावा दिवस माझ्या सुट्टीचा नव्हता. मी बेळगावच्या मैत्रिणीला विचारलं, तुझी सुट्टी मला देशील? तिनं कशाला म्हणून विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "घे की. मी तुझी ड्युटी करते."

सासरी मी चार वर्षांनी पाऊल ठेवलं. माजघरात दहा-बारा बायका होत्या. आमच्याकडे या बाबतीत इथलीच रीत: पुसायचं म्हणजे आधी लावायचं. बाईला शेवटचं एकदा नवरीसारखं सजवायचं आणि मग सगळं काढून घ्यायचं. तेव्हा मला पाटावर बसवून हातापायांना हळद फासली, हिरवं लुगडं नेसवलं, केसांत मोगरा घातला, कपाळभर कुंकू लावलं. जो माणूस जिवंत असताना मला कोणी या घरात सजवलं नाही, तो मेल्यावर सगळ्याजणी माझ्या अंगाला झोंबल्या होत्या. आईनं घरून तो पत्र्याचा डबा आणला होता. तिनं बांगड्या चढवायला घेतल्या तशी सासू म्हणाली, "या तर हातातून गळतायत. अशा कशा फुटायच्या?" आणि तिनं पेठेतून बारक्या मापाच्या आणवल्या. त्या चढेनात. दोघींनी माझा पंजा दाबून धरून त्या आत घातल्या. घालतानाच दोन मोडल्या.

मग तिनं वरवंटा मागवला.

मी म्हणाले, "पाणी आणि साबण द्या. मी एकही न फोडता काढून देते. मला येतं." वॉर्डात मी रोज हे बोलत होते आणि बायका माझे उपकार मानत होत्या. सासू म्हणाली, "काढायच्या नसतात. फोडायच्या असतात." मी हात मागे घेतला. तेव्हा माझा हात धरून पाटावर दाबला तो माझ्या आईनं. दुसऱ्या कोणी धरला असता तर मी हिसडा दिला असता. ती रडत होती आणि दोन्ही हातांनी माझं कोपर दाबून ठेवत होती. आजतागायत मी आईला त्याबद्दल माफ केलेलं नाही. ती गेली तेव्हाही केलेलं नव्हतं, आणि तसं म्हणायला मला लाज वाटत नाही.

डाव्या मनगटावर चार जखमा झाल्या, उजव्यावर दोन. एक काच खोल गेली होती. मी न्हाणीघरात जाऊन ती स्वतःच उपटली, फडकं बांधलं, अंग धुतलं, पांढरी साडी नेसले आणि कोणाशी न बोलता बसला निघाले. त्या दिवशी तरी घरच्यांना आणि हॉस्पिटलला मी एकसारखी दिसत होते. हॉस्टेलवर येऊन हात दहा वेळा घासले. कुंकू गेलं. हळद मात्र जाईना. नखांच्या कडा पिवळ्याच राहिल्या.

सकाळी रांगेत मेट्रन माझ्यापुढे थांबली. "हे काय?"

मी बोटं आत दुमडली.

तिनं माझा हात उलटा केला. इतकी वर्षं ती या देशात होती. काच कशी लागते आणि हळद कुठे लावतात हे तिला पाठ होतं. "बांगड्या," ती म्हणाली. "सण होता घरी?"

मी मान हलवली. हो म्हणून.

"आणि काढताना फोडून घेतल्यास. तुला काढता येतात, अशी तुझी वॉर्डात ख्याती आहे ना?" मग ती चिडून नाही, शिकवल्यासारखी बोलायला लागली. उघड्या जखमा घेऊन तू ड्रेसिंग करणार, पेशंटला पू झाला तर जबाबदार कोण? नियम मी हौसेनं केले आहेत का? आणि तिचं म्हणणं बरोबर होतं, हेच तर जास्त झोंबलं. जखमा भरेपर्यंत ऑपरेशन थिएटर बंद, महिनाभर टोपी काढून घेतली, सुट्टी बंद. एवढ्यावरच सुटले म्हणून मी मनात देवाचे आभार मानत होते. तेवढ्यात ती म्हणाली, "लेखी माफी दे. काय केलंस आणि का केलंस, दोन्ही लिही. खोलीतल्या मुलीची साक्षीदार म्हणून सही घे, आणि दुपारच्या आत टेबलावर आण."

का केलंस? त्याला एकच उत्तर चालण्यासारखं होतं. मी खोलीत बसून इंग्रजीत लिहिलं की सुट्टीच्या दिवशी मी शोभेसाठी काचेच्या बांगड्या घातल्या, ही माझी चूक झाली, पुन्हा नटण्याचा मोह होऊ देणार नाही. ठणकणाऱ्या मनगटानं लिहिलं, म्हणून अक्षर वाकडं आलं.

बेळगावची मैत्रीण रात्रपाळी करून आली. मी कागद तिच्यापुढे केला. तिनं वाचला. मग माझे दोन्ही हात ओढून खिडकीपाशी नेले आणि मनगटं उजेडात धरली. तिला ते ओळखायला किती वेळ लागणार? काढताना बांगडी फुटली तर कुठं ओरखडा उठतो आणि वरवंट्यानं फोडली तर कुठं, हे तिच्या अंगावर झालेलं होतं.

"कधी गेला?" तिनं विचारलं.

"अकरा दिवस झाले."

तिनं माझे हात सोडले. "आणि तीन वर्षं मी तुला माझं सगळं सांगत बसले."

तिनं तो कागद मेट्रनकडे नेऊन खरं काय ते सांगितलं असतं तर मी तिला दोष दिला नसता. ती खाटेच्या कडेला बसली, पेन उघडलं आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं. शोभेसाठी, या शब्दापाशी तिचं पेन थांबलं. मग तिनं खाली पूर्ण नावानं सही केली आणि कागद माझ्या मांडीवर ठेवला.

"दे नेऊन," ती म्हणाली. "आणि ऑफिसातून येताना विचार, दुसरी एखादी खोली रिकामी आहे का. मला."